जुने ईमेल खाते सोडले त्याला नऊ महिने झाले : वापरानंतरचा अनुभव

नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात, दिवाळीच्या सुट्टीत, मी अठरा वर्षे वापरलेले मोफत ईमेल खाते सोडून एका सशुल्क सेवेकडे गेलो. आता ऑगस्ट उजाडला आहे, म्हणजे नऊ महिने पूर्ण झाले. दोन्ही सेवांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारी एका खात्याच्या आणि एका स्वस्त फोनच्या आहेत आणि तेवढ्यावरून कोणाला चांगले-वाईट ठरवणे योग्य होणार नाही. मी अमळनेरला राहतो, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, वडिलोपार्जित कोरडवाहू शेताचे आणि घरातील सर्वांच्या खात्यांचे कागद मीच पाहतो. ईमेलचा माझा वापर एवढाच आणि अशाच स्वरूपाचा आहे.

बदलाला निमित्त झाले ते जागेचे. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल १ जीबी जागा घेऊन आले, तेव्हा हॉटमेल २ एमबी आणि याहू ४ एमबी देत असे. त्या दिवसापासून आपल्या सर्वांचीच पत्रे पुसण्याची सवय मोडली. माझ्याही खात्यात लग्नपत्रिकांपासून पेपर तपासणीच्या आदेशांपर्यंत सगळे साठत गेले, फोनमधील छायाचित्रेही त्याच जागेत जाऊ लागली आणि २०२४ च्या मे महिन्यात खाते भरले. भरले म्हणजे नुसती सूचना आली नाही, तर मला पाठवलेली पत्रे पाठवणाऱ्याकडे परत जाऊ लागली, आणि हे मला कळले ते नाशिकच्या भाच्याचा फोन आल्यावर. पैसे देऊन जागा वाढवता आली असती. पण त्याच सुमारास आमच्या एका सहकाऱ्याचे खाते कोणत्याशा स्वयंचलित तपासणीत बंद झाले, आणि दाद कोणाकडे मागायची हेच त्यांना तीन आठवडे कळेना. बँक, विमा, आयकर, भविष्यनिर्वाह निधी या सर्वांच्या किल्ल्या ज्या पत्त्यावर येतात तो पत्ता मुळात आपला नाहीच, ही गोष्ट तेव्हा प्रथम नीट ध्यानात आली.

म्हणून नवी सेवा निवडण्याआधी मी स्वतःचे डोमेन, म्हणजे पत्त्यातील 'ॲट'च्या पुढचे नाव, घेतले, आणि या संपूर्ण खटाटोपातील एकमेव खऱ्या महत्त्वाचा निर्णय तोच होता. मोबाइलच्या बाबतीत जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ईमेलला अशी सोय नाही. 'ॲट'च्या पुढचा भाग ज्याच्या मालकीचा, पत्ता त्याचा. तो भाग आपल्या नावावर नोंदवला, तर उद्या ही सेवा सोडून तिसरीकडे जायचे झाल्यास पत्ता बदलावा लागत नाही. डोमेनच्या नोंदींत पत्रे कोणत्या सर्व्हरकडे जावीत एवढीच दुरुस्ती करावी लागते. डॉट इन डोमेनला मला वर्षाला ८०० रुपयांच्या आसपास खर्च येतो. देवनागरीत डॉट भारत डोमेन २०१४ पासून मिळते आणि त्याचा मोह मला झालाही होता, परंतु अर्जांतील ईमेलचा रकाना रोमन अक्षरांपलीकडे काही स्वीकारत नाही हे दोन-तीन ठिकाणी पाहिल्यावर तो आवरला.

डोमेन सेवेला जोडण्याच्या कामाचा जितका बाऊ केला जातो तितके ते अवघड नाही, मात्र त्यात घाई चालत नाही. एमएक्स नोंद पत्रे कोणाकडे पोहोचवायची ते सांगते. एसपीएफ नोंद या डोमेनच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे ते सांगते. डीकिममुळे प्रत्येक पत्रावर एक स्वाक्षरी होते आणि ती खरी की खोटी हे घेणाऱ्याला डोमेनच्या नोंदीतील किल्ली वाचून ताडता येते. आणि या दोन्ही कसोट्यांना न उतरलेल्या पत्राचे काय करावे ते डीमार्क सांगते. यांपैकी डीकिमच्या किल्लीची ओळ चारशेच्या आसपास अक्षरांची असते. मी ती फोनवर बोटाने निवडून उतरवली आणि शेवटची दोन अक्षरे निवडीबाहेर राहिली. पत्रे जात होती, कोठेही चूक दिसत नव्हती, पण उत्तरे येत नव्हती. आठवड्याने सुरतच्या मेहुण्यांनी कळवले की, माझी तिन्ही पत्रे त्यांच्याकडे स्पॅममध्ये पडून आहेत. किल्ली दुरुस्त केल्यावरही नव्या डोमेनला पत बसायला आणखी तीनेक आठवडे गेले. तोपर्यंत मी प्रत्येक महत्त्वाच्या पत्रानंतर एक फोन करत असे, ज्यामुळे पत्र पाठवण्याचा निम्मा हेतूच संपत होता.

जुनी पत्रे आणण्याचे काम मला वाटले होते त्याहून सोपे निघाले. सुमारे ३१ हजार पत्रे आयमॅप या सर्व्हरवरील पत्रे वाचण्या-हलवण्याच्या पद्धतीने एका सर्व्हरवरून थेट दुसऱ्या सर्व्हरवर गेली, त्यामुळे घरची वीज दोनदा जाऊनही काही अडले नाही. जुन्या सेवेत फोल्डर नसून लेबले होती, आणि एका पत्राला दोन लेबले असतील तर ते पत्र नव्या ठिकाणी दोनदा उतरले; ती जुळी पत्रे मी अजूनही अधूनमधून पुसत असतो. २००९ च्या आधीच्या काही मराठी पत्रांचे मात्र हाल आहेत. ती युनिकोड या आजच्या समान अक्षर-पद्धतीच्या आधीच्या फाँटमध्ये लिहिलेली असल्याने आज रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसते. हा दोष नव्या सेवेचा नाही, जुन्या सेवेतही ती तशीच दिसत होती; फक्त इतकी वर्षे मी ती उघडून पाहिली नव्हती.

शोधाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्याला जी अडचण रोज भोगावी लागते तिचा उल्लेख इंग्रजी परीक्षणांत सापडत नाही. नव्या सेवेचा शोध पूर्ण शब्द जुळवतो, किंवा फार तर शब्दाची सुरुवात जुळवतो. 'जळगाव' शोधले तर 'जळगावला' आणि 'जळगावच्या' सापडतात, येथपर्यंत ठीक. पण शेतातील विहिरीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक शोधताना मी 'विहीर' लिहिले आणि एकही पत्र आले नाही, कारण प्रत्येक पत्रात 'विहिरीचे', 'विहिरीला' असेच होते. प्रत्यय लागताना दीर्घ 'ही'ची ऱ्हस्व 'हि' झाली की यंत्राच्या लेखी तो वेगळाच शब्द ठरतो. आता मी 'विहि' एवढेच लिहितो. याहून चमत्कारिक प्रकार 'शेतकऱ्यांना' या शब्दाचा. यातील अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो, एकदा नुक्त्याच्या ऱ ने आणि एकदा साध्या र ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण कृषी खात्याकडून आलेल्या पत्रांतील 'शेतकऱ्यांना' मी टंकलेल्या 'शेतकऱ्यांना'शी जुळत नव्हता. सेवेच्या मदतकक्षाला दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवून कळवले. चार दिवसांनी नम्र उत्तर आले की नोंद घेतली आहे. त्याला आता पाच महिने झाले.

आणि वही. पत्ता बदलायचा ठरल्यावर मी दोनशे पानी वही घेऊन जुन्या खात्यात 'ओटीपी', 'स्टेटमेंट', 'पावती', 'वेलकम' असे शब्द शोधले आणि जेथे जेथे जुना पत्ता नोंदवलेला आहे ती सर्व ठिकाणे लिहून काढली. ८७ ओळी झाल्या. त्यात बँका, आयुर्विमा, आयआरसीटीसी, डिजिलॉकर, वीजबिल, गॅस हे अपेक्षित होतेच; पण बारा-पंधरा ठिकाणे अशी निघाली की तेथे स्वतंत्र पासवर्डच नव्हता, जुन्या ईमेल सेवेच्या बटणावरूनच मी आत जात आलो होतो. जुने खाते बंद झाले असते तर ही सर्व दारे एकदम बंद झाली असती. म्हणून कोणीही हा बदल करणार असेल तर आधी या ठिकाणी स्वतंत्र पासवर्ड करून घ्यावा, बाकीचे नंतर.

पत्ता बदलण्याची प्रत्येक ठिकाणची तऱ्हा निराळी. आयकराच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर मोबाइल आणि नवा ईमेल यांवरील ओटीपी देऊन काम झाले, आणि ते वेळेत करायलाच हवे, कारण विवरणपत्र तपासल्यानंतरची आयकर खात्याची सूचना ईमेलने येते. आधारसाठी केंद्रात जाऊन रांगेत उभा राहिलो. काही ठिकाणी जुन्या पत्त्यावरही ओटीपी जातो, म्हणजे जुने खाते जिवंत असतानाच हे उरकले पाहिजे. गूगलने डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला सुरुवात केली आहे, हे जुने खाते नुसते पडू देणाऱ्याने लक्षात ठेवावे.

अमळनेरकरांसाठी एक खास सूचना. १९४५ मध्ये या गावात वनस्पती तेलाची कंपनी म्हणून सुरू झालेल्या विप्रोचे समभाग येथील कित्येक घरांत आहेत, आमच्याही आहेत. ३ डिसेंबर २०२४ ही बोनस समभागांची नोंद-तारीख होती, एकास एक या प्रमाणात, आणि त्याच्या सर्व सूचना आमच्या जुन्या पत्त्यावर गेल्या, कारण वहीतील डिमॅटची ओळ मी 'सावकाश करू' म्हणून शेवटी ठेवली होती. समभाग खात्यात आपोआप जमा झाले, नुकसान काही झाले नाही, पण वडिलांनी चौकात ऐकून येऊन मला विचारले, "तुझ्या नव्या पत्त्याला हे माहीत नाही का रे?" डिमॅट असेल तर डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे, म्हणजे ज्या बँकेत वा दलालाकडे ते खाते आहे तेथे, एकदा ईमेल बदलला की कंपन्यांना तोच जातो. कागदी प्रमाणपत्रे उरली असतील त्यांना मात्र कंपनीच्या निबंधकाकडे, म्हणजे समभागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, आयएसआर-१ अर्ज पाठवावा लागतो.

दैनंदिन वापरात सर्वांत जास्त त्रास झाला तो तोंडी पत्ता सांगण्याचा. एका पतसंस्थेच्या खिडकीवर मी माझा पत्ता अक्षर-अक्षर सांगितला, डोमेनपर्यंत आलो, आणि लिपिकाने मान वर न करता विचारले, "साहेब, पुढे ॲट जीमेल डॉट कॉम ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी मी सांगितलेले सगळे तसेच ठेवले आणि त्याच्यापुढे तरीही जीमेल जोडले. तेव्हापासून मी पत्ता छापलेली चिठ्ठी पाकिटात ठेवतो. उलट बाजूने स्वतःच्या डोमेनचा एक फायदा असा की प्रत्येक दुकानाला वेगळे नाव देता येते. ठिबकच्या दुकानदाराला 'ठिबक' नावाने सुरू होणारा, शिकवणीवर्गाला दुसरा. मार्चमध्ये कर्जाच्या जाहिराती येऊ लागल्या तेव्हा पत्ता पाहताच कळले की तो कोणाकडून फुटला. तो एक पत्ता बंद केला, बाकीच्यांना धक्का लागला नाही.

स्पॅम अडवण्यात नवी सेवा जुनीपेक्षा निःसंशय कमी आहे. सुरुवातीचे दोन महिने रोज सात-आठ नको असलेली पत्रे येत, आता खुणा करून करून ती एक-दोनवर आली आहेत. फोनवरील ॲप ठीक. सूचना उशिरा येत होत्या, तो फोनच्या बॅटरी बचतीचा परिणाम निघाला. जाहिराती नाहीत, पत्रांची यादी स्वच्छ दिसते, आणि मदतकक्षात माणूस उत्तर देतो, भले उपाय देत नसेल.

पैशांबाबत दोन गोष्टी. सेवेची वर्गणी डॉलरमध्ये आहे आणि कार्डावर विनिमयाचा जादा आकार लागतो, तो धरून महिन्याला पावणेतीनशे रुपयांच्या आसपास पडतात. रिझर्व्ह बँकेचे ऑक्टोबर २०२१ पासूनचे नियम लागू झाल्यावर परदेशी सेवांची आपोआप होणारी नूतनीकरणे भारतीय कार्डांवर अनेकदा अडतात, म्हणून मी डोमेन भारतीय विक्रेत्याकडून घेऊन यूपीआयने पाच वर्षांचे पैसे एकदम भरले आहेत. ईमेलची वर्गणी चुकली तर पत्रे अडतील, एवढेच. पण डोमेनची मुदत टळून ते दुसऱ्याने घेतले, तर माझ्या सर्व बँकांचे ओटीपी त्याच्याकडे जातील. त्याच कारणाने डोमेन विक्रेत्याकडील खात्याला मी त्या डोमेनवरचा पत्ता दिलेला नाही, सौ.चा वेगळा पत्ता दिला आहे. कुलपाची किल्ली त्याच कुलपाच्या आत ठेवून कसे चालेल.

वर्गणी ऑक्टोबरअखेर संपते आणि ती मी आणखी एका वर्षासाठी भरणार आहे. 'शेतकऱ्यांना' तोपर्यंत सापडू लागला नाही तर पुढील दिवाळीत सेवा बदलेन. त्यासाठी वही पुन्हा काढावी लागणार नाही. तिच्यात आज ८७ पैकी सहा ओळी उरल्या आहेत, त्यांतील चार अशा संकेतस्थळांच्या आहेत की जेथे ईमेल बदलण्याची सोयच दिलेली नाही, आणि पाचवी आईच्या आधारची आहे, जिच्यासाठी ती म्हणते की ऊन उतरल्यावर जाऊ. सहावी पतसंस्थेची.