बसायच्या जागेत विरवलेला चुना की चुनखडीची भुकटी?

इंदूरला पाऊस लागला की गोठ्यातली बसायची जागा कोरडी ठेवणे अवघड होते आणि चुन्याचा विचार मनात येतोच. राऊच्या बाजूला आमच्याकडे चार गाई व दोन म्हशी आहेत. तेथे मी दोन पावसाळे विरवलेला चुना, म्हणजे मैदानावर रेघा आखायला वापरतात ती फक्की टाकली, आणि पुढचे तीन पावसाळे चुनखडीची बारीक भुकटी वापरली. कळीचा चुना येथे विचारात घेतलेला नाही, कारण ओल लागताच तो तापतो आणि भाजतो.

जंतूंच्या बाबतीत फक्की वरचढ आहे, हे मान्य केले पाहिजे. तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) १२ च्या वर जातो आणि त्यात कासदाहाचे पुष्कळ जंतू तग धरत नाहीत. मात्र शेण-मूत मिसळत गेले की तो जोर एक-दोन दिवसांत ओसरतो. शिवाय पोते उघडे राहिल्यास हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून फक्कीची हळूहळू चुनखडीच होते. भुकटी जंतू मारत नाही. ती ओल थोडी आवरते आणि पाय घसरू देत नाही, इतकेच.

तरीही माझा निर्णय झाला तो सडांवरून. फक्की पसरून भुशात नीट मिसळेपर्यंत आणि धूळ बसेपर्यंत जनावरे बाहेर काढावी लागतात. पण जुलैत अंगणात काळ्या मातीचा घोटाभर चिखल असताना त्यांना उभे कोठे करायचे? साहजिकच आमच्याकडून घाई होई. ओली कास त्या जागेवर टेकली की चुना सडांना चिकटे, कातडी सुकून तिला भेगा पडत, आणि एरवी शांत उभी राहणारी गाय धारेच्या वेळी पाय उचले. जंतूंना शिरायला भेग पुरते, त्यामुळे ज्या कासदाहाच्या भीतीने चुना टाकला त्यालाच आपण वाट करून देत आहोत, असे मला वाटू लागले. धार काढताना पत्नीच्या बोटांनाही चिरा पडत. भुकटीवर आल्यानंतर पहिल्याच पावसाळ्यात हे थांबले. त्याच सुमारास धारेनंतर सडांना ग्लिसरीन लावायलाही सुरुवात केली होती, त्याचाही हातभार असेल.

मुताने भिजलेल्या जागी फक्की पडली की अमोनिया मोकळा होतो आणि खाली मान घालून बसलेल्या वासरांना त्याचा त्रास आधी होतो. अमोनियाबरोबर उडालेला नत्र खतातूनही जातो, आणि मालव्याची बहुतेक काळी जमीन मुळातच चुनायुक्त असल्याने त्या चुन्याचा शेताला फारसा लाभ नाही.

फक्कीचे एक पोते मी अजूनही तोंड घट्ट बांधून ठेवतो. आजारी जनावर हलवल्यावर रिकामी जागा खरवडून, धुऊन तीत फक्की टाकावी. नाका-तोंडाला फडके, डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच. डोळ्यात गेल्यास निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टर गाठावा.

पोत्यावर नाव नसेल तर चिमूटभर माल व्हिनेगरमध्ये टाकून पाहावा: चुनखडी भराभर फसफसते, ताजी फक्की फारशी फसफसत नाही. रोज सकाळी शेण व ओला भुसा काढल्यावर प्रत्येक जनावराच्या मागच्या अर्ध्या जागेत दोन ओंजळी भुकटी पसरून वर कोरडा भुसा टाकतो, आणि त्यासाठी एकाही जनावराला चिखलात उभे करावे लागत नाही.