पाण्याचा फिल्टर की क्लोरीनच्या गोळ्या?
परदेशात वृक्षलागवडीला किंवा नदी-सफाईला स्वयंसेवक म्हणून निघताना हा प्रश्न हमखास पडतो.

०.१ मायक्रॉनची, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रं असलेला फिल्टर जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो; विषाणू मात्र निसटतात. गढूळ पाण्याने तो तुंबतो, मग उलट्या दिशेने स्वच्छ पाणी सोडून धुवावा लागतो. वापरलेल्या फिल्टरमधलं पाणी गोठलं तर पाणी गाळणारे आतले पोकळ तंतू फाटू शकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. खरा धोका हाच.

गोळ्या हलक्या, विषाणूही मारतात. पण ३० मिनिटं थांबा, थंड पाण्यात जास्त. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मात्र त्यांना दाद देत नाही.

थोड्या दिवसांसाठी, नळाच्या नितळ पाण्याला गोळ्या पुरतात. डोंगरातल्या झऱ्यावर महिनोन्महिने राहायचं तर फिल्टर. वस्तीखालच्या, सांडपाणी मिसळणाऱ्या नदीकाठी दोन्ही न्याच: आधी फिल्टर, मग गोळी.