सिंहगड की बालगंधर्व?

दोघांनी रविवारी भेटायचं, पण मागे कचरा सोडायचा नाही, तर पुण्यात माझ्या मते दोन पर्याय बरे.

सिंहगडाच्या पायथ्याला स्वारगेटहून पीएमपीची बस जाते. पेट्रोल वाचतं, घाटातल्या गाड्यांच्या रांगेत अडकायलाही नको. चढताना गप्पा होतात (दम टिकला तर!). वर पिठलं-भाकरी, ठेचा, कांदाभजी. स्टीलच्या ताटलीतच मागा. मडक्यातलं दही संपलं की मडकं झुडपात भिरकावू नका, विकणाऱ्या मावशींकडे परत द्या. मातीचं असलं तरी भाजलेलं खापर वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. खरी गोम पाण्याच्या बाटल्यांची. माणशी दोन लिटर घरूनच न्या.

बालगंधर्व रंगमंदिरात नाटक म्हणजे कमी खटपट. तिकीट फोनवर, मध्यंतरात बटाटेवडा. चहाचा कागदी कप मात्र फसवा. आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. पिशवीत स्टीलचा पेला ठेवा. चहावाला हसेल, पण देईल.

ओळख नवी असेल तर मी सिंहगडच सुचवेन. नाटकात शेजारी बसूनही बोलता येत नाही. भर पावसाळ्यातल्या रविवारी मात्र गडावर जत्रा असते, तेव्हा नाटकच बरं.