‘१९७८ ची टेलिकास्टर’ म्हणून विकली: माझे १,६२,००० रुपये गेले, तुमचे वाचवा

फेंडर कंपनीच्या टेलिकास्टरसारखी जुनी इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. १५,००० टोकन, १,००,००० यूपीआय, ४७,००० रोख, असे माझे एक लाख बासष्ट हजार गेले. हातात आली ती जेमतेम पंधरा हजारांची नकली गिटार.

आम्ही नागपुरात पंक रॉक वाजवतो. जुनी अमेरिकन गिटार हातात घेऊन, दहा गिटारींशी ताडून बघायची सोय इथे कुठे आहे? बर्डी पालथी घाला, सदर पालथं घाला. शेवटी फोटोच बघावे लागतात. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘१९७८ ची टेलिकास्टर, पंक गिटारवादकाने स्टेजवर झिजवलेली’. काळा रंग उडालेला, खालचं लाकूड उघडं, फाटकी स्टिकरं. द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडच्या जो स्ट्रमरची टेलिकास्टर १९६६ ची, मूळ सनबर्स्टवर (मध्ये फिकट, कडेला गडद अशा रंगावर) काळा रंग मारलेली, वाजवून वाजवून सोललेली. ती गिटार ज्याच्या मनात वर्षानुवर्षं आहे त्याला कुठे पकडायचं हे विकणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं. रमोन्स या पंक बँडच्या जॉनी रमोनची मोसराइट गिटार २०२१ मध्ये लिलावात नऊ लाख डॉलरच्या वर गेली, हेही त्यानेच सांगितलं. ते खरंच आहे. तो बोलायचा त्यातलं बरंचसं खरंच असायचं, म्हणून तर विश्वास बसला.

१,८०,००० वरून १,६२,००० वर आला. मग नेहमीचंच: दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, टोकन टाका, मी रायपूरहून पुण्याला चाललोय, मध्ये नागपुरात थोडा वेळ उतरतो. मेट्रोच्या एका स्टेशनखाली भेटलो, दिवेलागणीला. ही वेळ त्याने ठरवली होती. गिटार दिवसाउजेडीच बघा.

पट्टा खांद्यावर घेतला आणि हलकी वाटली. सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या बऱ्याच फेंडर गिटारी जड अॅश लाकडाच्या, चार किलोच्या आसपास किंवा वर. विचारलं तर म्हणाला, मालकाने आतून लाकूड कोरून घेतलं होतं. मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. टेलिकास्टरची कंट्रोल प्लेट, म्हणजे आतल्या वायरिंगवरची पट्टी, दोन स्क्रूंवर असते, मिनिटाचं काम. त्याने प्लेटवर हात ठेवला. “भाऊ, आतलं सोल्डर कंपनीचं आहे, कोणी हात लावलेला नाही. उघडलं की किंमत पडते.”

तोच क्षण. रात्री झोप लागत नाही ती त्या दोन स्क्रूंमुळे. पण संग्राहक मूळ सोल्डरला खरोखर मोल देतात, हे गिटार जाणणाऱ्या कोणालाही विचारा. काहीच माहिती नसलेल्या माणसाने प्लेट उघडलीच असती. मला माहिती होती, म्हणून मी थांबलो आणि उरलेले पैसे दिले. जो विक्रेता प्लेट उघडू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आमचे अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या काकांनी ती उघडली आणि म्हणाले, “बाबू, हे तं नवीन हाय.” आवाज कमीजास्त करायच्या बटणांखाली जे पॉट असतात, त्यातल्या त्या काळच्या सीटीएस कंपनीच्या पॉटवर १३७ हा कंपनीचा आकडा असतो, पुढे वर्ष आणि आठवडा. इथे बटणाएवढे पॉट, त्यांवर फक्त ए२५०के. सिरियल नंबर मागच्या नेकप्लेटवर, म्हणजे मान जोडणाऱ्या पत्र्यावर कोरलेला. फेंडरने तो १९७६ च्या अखेरीस हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या टोकावर नेला, मग १९७८ च्या गिटारला मागे कसा? तेव्हाचा पॉलिएस्टरचा जाड थर टवके उडून निघतो. हा कडेला हळूहळू विरत गेला होता, आणि उन्हात धरल्यावर सँडपेपरच्या समांतर रेघा दिसल्या. हात टेकतो तिथे लाकूड उघडं, पण फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कोरे. फ्रेट बदलले असं सांगितलं तर बिल मागा.

आता पोलिसांचं. घराजवळच्या ठाण्यात पहिला प्रश्न, “वाजते ना? मग फसवणूक कसली?” दुसरा, “गिटारीला दीड लाख देते का कोणी?” मग हद्द दुसऱ्या ठाण्याची. तिथे म्हणाले ऑनलाइन आहे, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले समोरासमोर रोख दिली, ठाण्यात जा. कोणी म्हणालं सिव्हिल मॅटर आहे, वकील करा. खोटं सांगून पैसे काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा दखलपात्र गुन्हा आहे. हद्द कोणतीही असो, कोणत्याही ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवता येतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. हे मी त्यांना वाचून दाखवायचं? त्यांनी साधा अर्ज घेतला आणि शिक्का मारून दिला. बँकेचं उत्तर, पिन तुम्हीच टाकला. १,१५,००० एका खात्यात गेल्याचा पुरावा माझ्याकडे आहे, ते खातं कोणाचं हे एका पत्रात कळेल, पण ते पत्र कोणी लिहीत नाही. तुमचे असे गेले तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, ठाण्याच्या बाकावर वेळ घालवू नका. रोख तर देऊच नका.

तक्रार आता स्पीड पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवली आहे. तिथेही नोंद झाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणार.

परवा तीच जाहिरात दुसऱ्या शहराच्या नावाने दिसली, किंमत १,७५,०००. गिटार दुसरी आहे, माझी तर घरात पडलीय. पण पिकगार्डखालचा (तारांखालच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याखालचा) टवका, कोपरापाशी उघडं पडलेलं लाकूड, अर्धं फाटलेलं लाल स्टिकर, सगळं जसंच्या तसं त्याच जागी.