मालवणच्या बाजारातून आणलेली चिडाची राळ

होडीच्या फळ्यांमधील सांधे बुजवण्यासाठी मालवणच्या बाजारातील एका जुन्या दुकानातून मी एक किलो राळ आणली. दुकानदाराने ती 'खात्रीची, पहाडी' म्हणून दिली. ही राळ चिडाची, म्हणजे हिमालयातल्या पाइनच्या झाडाची; हा वृक्ष कोकणात उगवत नाही. हिमाचल आणि उत्तराखंडच्या डोंगरांत त्याच्या खोडाची साल तासून, खाच पाडून, खाली लावलेल्या भांड्यात चीक गोळा केला जातो आणि तो ऊर्ध्वपातित केल्यावर, म्हणजे तापवून त्याची वाफ काढून घेतल्यावर, टर्पेंटाइन हे तेल निघून जाऊन मागे जी घट्ट राळ उरते, तीच आपल्याकडे पोचते.

वरचे खडे उत्तम होते: मधाच्या रंगाचे, उजेडात धरले तर आरपार दिसणारे, फोडले की काचेसारखे तुटणारे आणि तळहातात चोळले की किंचित चिकटणारे. पिशवीच्या तळाशी मात्र काळपट भुगा व सालीचे तुकडे निघाले, त्यामुळे वितळवलेली राळ मला फडक्यातून गाळावी लागली. एवढ्या किमतीत हे काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडू नये.

नुसती राळ थंड झाल्यावर तडकते, म्हणून मी तिच्यात करंजेल, म्हणजे करंजाच्या बियांचे तेल, मिसळले. हे काम अंगणातच, मंद आचेवर करावे, कारण राळ चटकन पेट घेते. आमच्या घरच्यांनी चूल पडवीत मांडू दिली नाही, ते बरेच झाले. कापूस ठासून वर हे मिश्रण ओतलेले सांधे पहिल्या दोन फेऱ्यांत ठिबकलेले नाहीत. पुढच्या वेळी राळ त्याच दुकानातून घेईन, पण पिशवी तिथेच उपडी करून.