स्तंभाकार प्लम: झाड गुणी, चिठ्ठी अपुरी

लहान बागेसाठी ‘स्तंभाकार’ म्हणून विकली जाणारी प्लमची तीन कलमे लावून मला आता पाच हंगाम झाले आहेत. त्यांपैकी दोन कलमे भिंतीलगतच्या अरुंद वाफ्यात एकमेकांपासून ७५ सेंटिमीटरवर लावली आणि एकाला ५० सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीत जागा दिली. वाफ्यातले एक कलम ‘पिक्सी’ या खुंटावर (म्हणजे मुळे पुरवणाऱ्या झाडावर) बांधलेले ‘व्हिक्टोरिया’ आहे, कुंडीतले ‘सेंट ज्युलियन ए’ या खुंटावरचे ‘ओपल’ आहे आणि वाफ्यातल्याच तिसऱ्या कलमाच्या चिठ्ठीवर ‘स्तंभाकार प्लम, लाल फळ’ एवढाच मजकूर होता. तिन्ही चिठ्ठ्यांवरची आश्वासने मात्र सारखीच होती: रुंदी ६० सेंटिमीटरच्या आत, छाटणीची जवळजवळ गरज नाही आणि दुसऱ्या वर्षापासून फळे. यांतले पहिले आश्वासन खरे करता येते, दुसरे सपशेल खोटे आहे आणि तिसरे नशिबावर सोडावे, असा माझा पाच वर्षांनंतरचा अभिप्राय आहे.

दुसऱ्या आश्वासनाचे मूळ सफरचंदात आहे. १९६०च्या दशकात कॅनडातील केलोना येथील एका बागेत ‘मॅकिन्टॉश’ सफरचंदाच्या झाडावर एक विलक्षण फांदी आढळली. तिच्यावरील पेरे अतिशय आखूड होती आणि बगलेतून लांब फांद्या फुटण्याऐवजी फळे धरणारे आखूड, गाठाळ फुटवे येत होते. ‘विजिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उत्परिवर्तनातील गुण प्रभावी जनुकाचा असल्याने तो पुढच्या पिढीत सहज उतरतो, आणि इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राने त्याच्याच आधारे ‘बॅलेरिना’ मालिकेतील सफरचंदे तयार केली. त्या झाडांना कात्री फारशी लावली नाही तरी ती खांबासारखीच राहतात, कारण तो आकार त्यांच्या रक्तात आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्तंभाकार प्लमची गोष्ट तशी नाही. ती साधीच जात असते. तिला ठेंगण्या खुंटाची जोड मिळालेली असते आणि रोपवाटिकेतल्या माळ्याने दोन वर्षे बगलफुटी खुडून तिला खांबाचा आकार दिलेला असतो. तो माळी आपल्याबरोबर घरी येत नाही.

काही प्लम निसर्गतःच उभट वाढतात हे खरे आहे, पण उभट आणि स्तंभाकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा भेद मला माझ्या बिननावाच्या तिसऱ्या झाडाने शिकवला. त्याच्या फांद्या लांबच वाढतात, फक्त बाजूला न जाता खोडाला बिलगून वर चढतात. पीच या प्लमच्या भाऊबंदातही खांबासारखी झाडे आहेत आणि तिथे फांदीचा कोन ठरवणारे एक जनुक निकामी झाल्याने असे होते हे सिद्ध झाले आहे. तेच जनुक प्लममध्ये प्रयोगशाळेत दडपले असता तीही झाडे तशीच सरळसोट वाढली. दिसायला हा आकार देखणा असला तरी खोड आणि फांदी यांमधला कोन जितका अरुंद, तितकी सालीची घडी आत दबून सांधा कच्चा राहतो. प्लमचे लाकूड मुळातच ठिसूळ असते आणि व्हिक्टोरियाची तर फळांच्या ओझ्याने फांद्या मोडून घेण्याबद्दल जुनीच ख्याती आहे. म्हणून उभट वाढणारे झाड विकत घेताना त्याचा सडपातळपणा पाहून हुरळून जाऊ नये, आधी फांद्यांचे सांधे पाहावेत.

मग प्लमचा खांब टिकवायचा कसा? या कामाला वर्षातून दोनदा, तेही उन्हाळ्यातच, प्रत्येक झाडामागे वीस मिनिटे पुरतात. मुख्य शेंडा काठीला बांधून सरळ वर जाऊ द्यावा. उन्हाळ्याच्या मध्यावर नव्या बगलफुटी पाच-सहा पाने राखून छाटाव्यात, म्हणजे त्या हाताच्या वितीएवढ्या उरतात. छाटलेल्या टोकापासून पुन्हा फूट येते. ती उन्हाळा सरता सरता एक-दोन पानांवर आणावी. प्लमची फळे मागच्या वर्षीच्या काडीच्या बुडाशी आणि त्याहून जुन्या लाकडावरील आखूड फुटव्यांवर धरतात. त्यामुळे असे खुडत राहिल्याने फळ कमी होत नाही, उलट तिसऱ्या-चौथ्या वर्षी खोडाभोवती फुटव्यांची दाट माळच तयार होते. शेंडा हव्या त्या उंचीला पोहोचला की (मी सव्वादोन मीटरची मर्यादा ठरवली आहे) तोही उन्हाळ्यातच खाली आणावा. हिवाळ्यात जोराने छाटलेले झाड वसंतात सूड घेतल्यासारखे सरळ उभ्या, निष्फळ काड्या फेकते, आणि अशा काड्यांचा खांबाशी काहीही संबंध नसतो.

हिवाळी छाटणी टाळण्याचे याहून गंभीर कारण म्हणजे रुपेरी पानांचा रोग. तो ‘कॉन्ड्रोस्टेरियम पर्प्युरियम’ या बुरशीमुळे होतो. तिचे बीजाणू दमट, थंड दिवसांत हवेतून पसरतात आणि ताज्या जखमेतून लाकडात शिरतात, तर उन्हाळ्यात केलेली जखम झाड लवकर बुजवते आणि हवेत बीजाणूही कमी असतात. कलमांसोबत मिळालेल्या पत्रकात मात्र ‘हिवाळ्यात आकार नीट करून घ्यावा’ असा सल्ला छापलेला होता. तो बहुधा सफरचंदाच्या पत्रकातून जसाच्या तसा उचलला असावा. पहिल्याच हिवाळ्यात मी तो इमानाने पाळला आणि पुढच्या वसंतात व्हिक्टोरियाच्या एका फांदीची पाने शिशाच्या रंगाची, चकाकती झाली. दुष्काळाने किंवा उपासमारीनेही प्लमची पाने रुपेरी दिसू शकतात, पण तेव्हा सारे झाडच एकदम फिकटते. रोगात एखादीच फांदी आधी बदलते, आणि ती कापून पाहिल्यास लाकडाच्या मध्यभागी तपकिरी डाग दिसतो. माझ्या फांदीत तो दिसला. कोरड्या दिवसांत डाग संपेपर्यंत आणि त्याच्याही खाली आणखी १५ सेंटिमीटर कापत गेल्यावर झाड वाचले, मात्र खांबाच्या एका बाजूला पडलेली खोबण आजही भरून आलेली नाही. फळझाड विकणाऱ्याने चुकीचा सल्ला देण्यापेक्षा मुळीच सल्ला देऊ नये.

आता खुंटाविषयी, कारण झाडाची उंची जातीपेक्षा जास्त तोच ठरवतो. पिक्सी हा या कामाला सर्वांत सोयीच्या खुंटांपैकी एक आहे, कारण त्यावरचे झाड मोकळे सोडले तरी साधारण तीन ते चार मीटरांवर थांबते. पण त्याची मुळे अशक्त असल्याने माती कसदार आणि ओलसर लागते, काठीचा आधार कायमचा द्यावा लागतो आणि फळ किंचित लहान राहते. सेंट ज्युलियन ए याहून जोमदार आहे आणि हलक्या जमिनीत किंवा कुंडीत तोच बरा. रशियात विकसित झालेला ‘व्हीव्हीए-१’ हाही ठेंगण्या खुंटांत मोडतो. मायरोबलान या जोमदार खुंटावर बांधलेले प्लम मात्र लहान बागेसाठी कोणी फुकट दिले तरी घेऊ नये. माझ्या तिसऱ्या झाडाची चिठ्ठी खुंटाबद्दल गप्प होती. दोनच वर्षांत ते झाड तीन मीटरांपलीकडे गेले आणि कितीही छाटले तरी दुप्पट जोमाने फुटत राहिले, यावरून त्याचा खुंट जोमदार असणार हे उघड झाले.

त्याच झाडाची दुसरी फसगत मला चौथ्या वर्षी कळली. ते शेजारच्या दोन्ही झाडांच्या आधी, पांढऱ्या फुलांनी नखशिखान्त भरून गेले आणि महिन्याभरात त्यावर मोजून सहा फळे उरली. फूल, पान आणि टोकाशी निमुळते होणारे फळ पडताळल्यावर ते जपानी प्लम, म्हणजे ‘प्रुनस सॅलिसिना’ असल्याचे लक्षात आले. व्हिक्टोरिया आणि ओपल युरोपीय, म्हणजे ‘प्रुनस डोमेस्टिका’ आहेत. युरोपीय प्लममध्ये ४८ गुणसूत्रे असतात तर जपानी प्लममध्ये १६. शेजारी शेजारी उभे राहूनही या दोन कुळांचे पराग एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत. व्हिक्टोरिया आणि ओपल स्वतःच्याच परागांवर फळतात, त्यामुळे एकट्या झाडाच्या बागेतही चालतात. जपानी प्लमच्या बहुतेक जातींना मात्र त्यांच्याच कुळातील किंवा चेरी प्लमसारखा एखादा जोडीदार लागतो. एकाच झाडापुरती जागा असणाऱ्या माणसासाठी चिठ्ठीवरील सर्वांत महत्त्वाची माहिती हीच, आणि नेमकी तीच गाळलेली होती.

प्लम लवकर फुलते आणि उशिराच्या, गोठवणाऱ्या दहिवराला बळी पडते, हा त्याचा जन्मजात दोष आहे. पूर्ण उमललेले फूल उणे २ अंशांच्या आसपासच करपू लागते. येथे मात्र खांबाचा आकार खरोखर कामी येतो, कारण सव्वादोन मीटर उंच आणि दोन फूट जाड झाडाला बागेतील पातळ संरक्षक कापड एकटा माणूसही पाच मिनिटांत गुंडाळू शकतो. मधमाश्यांसाठी ते दिवसा काढावे लागते, एवढे विसरू नये. पुढे फळे रंगू लागली की पक्ष्यांसाठीचे जाळेही तितक्याच सहज चढते. याउलट ज्या प्रदेशात हिवाळा नावापुरताच असतो तिथे हे झाड लावण्याच्या फंदात पडू नये. युरोपीय जातींना ७ अंशांखालील थंडी साधारणपणे आठशे ते हजार तास मिळावी लागते आणि ती न मिळाल्यास डोळे अर्धवट, मागेपुढे फुटतात. जपानी जातींची गरज त्याहून कमी असते, पण प्रत्येक जातीची वेगळी.

फळांविषयी माझी तक्रार नाही. दुसऱ्या वर्षी व्हिक्टोरियावर चार फळे आली, ती आश्वासनाची लाज राखण्यापुरती. चौथ्या वर्षी मात्र त्याच झाडाने पाच किलोंच्या आसपास फळ दिले, आणि जमिनीच्या दोन फूट रुंद तुकड्यातून एवढे मिळणे मला पुरेसे वाटते. खांबाच्या आत सावली साठत नसल्याने खालपासून वरपर्यंतची फळे एकसारखी रंगतात. ओपल आधी पिकते, त्याचा गर घट्ट आणि मधाळ असतो. व्हिक्टोरिया त्यानंतर पिकते. झाडावर पूर्ण पिकू दिल्यास तिची चव बाजारातील फळाशी तुलना करण्यापलीकडची असते, आणि कच्ची तोडल्यास ती अगदीच सामान्य लागते. विरळणी करताना मात्र मन घट्ट करावे लागते. फळे बोराएवढी झाली की दोन फळांत पाच ते आठ सेंटिमीटर अंतर राहील अशा बेताने बाकीची खुडून टाकावीत. तसे न केल्यास यंदा झाड वाकते आणि पुढच्या वर्षी रिकामे राहते, शिवाय एकमेकांना चिकटलेल्या फळांत तपकिरी कूज एका रात्रीत पसरते. कोवळ्या शेंड्यांवर मावा येतोच, परंतु उन्हाळी छाटणीत तेच शेंडे निघून जात असल्याने मला औषध फवारावे लागलेले नाही.

कुंडीतील ओपल हे या तिघांतले सर्वांत देखणे आणि सर्वांत हट्टी झाड आहे. उन्हाळ्यात त्याला रोज, कधी दोनदा पाणी लागते आणि एका दिवसाची हयगय झाली तरी ते हिरवी फळे गाळून निषेध नोंदवते. दर दोन वर्षांनी सुप्तावस्थेत ते बाहेर काढून मुळांची बाहेरची झालर कापावी, नवी माती भरावी आणि फळे वाढताना पालाश अधिक असलेले खत द्यावे, एवढे केल्यास ते टिकते. वर्षातून पंधरा दिवस घर बंद ठेवणाऱ्याने कुंडीच्या वाटेला जाऊ नये, वाफ्यातले झाड घ्यावे.

तारे द्यायचेच झाल्यास पिक्सीवरील व्हिक्टोरियाला मी पाचपैकी साडेचार देईन, कुंडीतील ओपलला साडेतीन, आणि तिन्ही चिठ्ठ्यांना मिळून एक. तिसऱ्या झाडाची काठी मी मागच्या उन्हाळ्यात सोडली. त्याच्या कोवळ्या फांद्या भिंतीवरील आडव्या तारांवर पंख्यासारख्या पसरून बांधल्या आहेत आणि जोडीदार म्हणून फुलण्याची वेळ जुळणारे दुसरे जपानी प्लम वाफ्याच्या टोकाला लावले आहे. त्याची चिठ्ठी मी पैसे देण्याआधी दोनदा वाचली, आणि तिच्यावर ‘स्तंभाकार’ हा शब्द कुठेही नव्हता.