'ऑटो बक-बूस्ट' म्हणून घेतलं, निघालं नुसतं बूस्ट

वीज गेल्यावर बाहेरची हार्ड डिस्क बंद पडू नये म्हणून ती १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर चालवायची होती. अशी बॅटरी उतरली की ११ च्या आसपास येते आणि चार्जिंगला लागली की १४.४ पर्यंत चढते, म्हणून व्होल्टेज वाढवणारं (बूस्ट) आणि उतरवणारंही (बक) मॉड्यूल, म्हणजे छोटा तयार सर्किट बोर्ड, हवं होतं. विक्रेत्याला हे सगळं लिहून विचारलं. उत्तर आलं, "ऑटो बक-बूस्ट आहे, इनपुट काहीही द्या, आउटपुट १२ च राहील."

बॅटरी उतरलेली असताना लावून पाहिलं, मीटरवर बरोबर १२.० आले. मी तेवढ्यावर विश्वास ठेवला, ही माझी चूक. संध्याकाळी चार्जर लावला आणि थोड्या वेळात डिस्क बंद पडली. आउटपुटला १४ व्होल्ट होते. प्रीसेट, म्हणजे आउटपुट ठरवायचा बोर्डावरचा स्क्रू, उलटा फिरवत गेलो, पण आकडा जागचा हलेना.

हलणार तरी कसा? बूस्ट सर्किटमध्ये इनपुटपासून कॉइल आणि पुढे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असा आउटपुटपर्यंत सरळ रस्ता असतो. इनपुट जास्त झालं की चिप स्विचिंग थांबवते, एवढंच तिच्या हातात असतं. डायोड मात्र वाहतच राहतो आणि त्याच्यावर पडणारे तीन-चार दशांश व्होल्ट वजा जाता सगळं व्होल्टेज पलीकडे पोचतं. चिपचा इनेबल पिन (तिला चालू-बंद करणारा पाय) बंद केला तरी हेच. आउटपुट शॉर्ट झालं तर करंटही याच वाटेने धावतो आणि चिप तो अडवू शकत नाही. हे मला आधी माहीत असतं तर डिस्क वाचली असती.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने चिपची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) पुढे केली. चिप एक्सएल६००९ होती आणि डेटाशीटवर बूस्ट, बक-बूस्ट दोन्ही छापलेलं आहे, हे खरंच. पण त्या चिपवर बक-बूस्ट करायचं तर सेपिक जोडणी लागते, म्हणजे दोन कॉइल आणि मधल्या वाटेत एक कपॅसिटर, जो डीसीला सरळ जाऊ देत नाही. माझ्या बोर्डावर एक कॉइल, एक डायोड. चिपचा गुण बोर्डाच्या नावावर खपवला होता. वर "वापरलेला माल परत घेत नाही" हे ऐकून घ्यावं लागलं.

असं मॉड्यूल हातात आलं तर काही जोडण्याआधी मल्टीमीटर डायोड मोडवर ठेवा, लाल प्रोब इनपुट प्लसला, काळी आउटपुट प्लसला. ०.२-०.३ च्या आसपास आकडा येऊन स्थिर राहिला तर ते बूस्ट आहे, नाव काहीही असो. शक्य असेल तर इनपुट मुद्दाम आउटपुटच्या वर नेऊन, लोड न लावता मोजा. नुसतं खालच्या व्होल्टेजवर तपासलं तर माझ्यासारखंच सगळं ठीक दिसेल.

विक्रेत्याच्या पानावर तो बोर्ड अजून त्याच नावाने आहे. फोटोत कॉइल एकच दिसते.